तिसरं मत

दौलत, आपलं भांडण अर्धं राहिलं. तुझी तेरवी होऊन चार दिवस झाले, तरी सकाळी हजेरीची खिडकी उघडली की मी तुझ्याशी बोलायला लागतो. तू म्हणाला होतास, "खेळ शिकवणारा पायजे का पोट्टे वळखणारा, हे एक डाव ठरवून टाक बाबू." मी तेव्हा कागदावरून मानसुद्धा वर केली नव्हती. उत्तर काय द्यायचं ते मला नंतर सुचलं. तोवर तू आलापल्लीच्या मोटारीत बसला होतास.

आपल्या खाणीत बास्केटबॉल आला तो जागा नव्हती म्हणून. खाणीच्या साहेबाला कलकत्त्यासारखी फुटबॉलची टीम हवी होती. पण कोळशाचा ढीग आणि रेल्वेची सायडिंग यांच्यामध्ये उरलेला तुकडा एवढासा. तू टोपी काढून त्याच्यापुढे उभा राहिलास आणि म्हणालास, "साहेब, एवढ्या जाग्यात मावते असा एक खेळ मले येते." लढाईच्या वेळी तू आसामात फौजेत होतास. तिथल्या अमेरिकन शिपायांबरोबर तू तो खेळला होतास. लोहाराकडून दोन कड्या करून घेतल्यास, सागाच्या फळ्या ठोकल्यास, आणि महिन्याभरात आठ पोरं उभी केलीस. खाणीच्या यादीवर "खेळाडू" म्हणून नाव असलेली, खेळण्याचाच पगार घेणारी आठ पोरं आपल्या चांद्याकडे त्याआधी कोणी पाहिली नव्हती. पोरांच्या घरच्यांचा तर विश्वासच बसत नव्हता. एकाचा बाप मुद्दाम मूलहून येऊन मला विचारून गेला, "बाबू, पोट्टा खरंच काम करून राह्यला ना? का नुसता खेळूनच राह्यला?"

तू त्यांना पास कसा शिकवलास ते मला अजून दिसतं. पोरं चेंडू छातीवर धरून ढकलायची, आणि तो निम्म्या वाटेत पडायचा. तू वैतागून म्हणालास, "रोवण्यात पेंडी कशी फेकता बे? बांधावरून चिखलात, बरोबर बाईच्या हाताशी पडते का नाई? तशी फेका." धानाच्या रोपांची पेंडी कमरेजवळून खालून फेकायची असते. लहानपणापासून सगळ्यांनी फेकलेली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा चेंडू आठही जणांच्या हातांतून फिरून परत आला. मी घड्याळ आणि गुणांची वही घेऊन बाजूला बसलो होतो. तू माझ्याकडे बघून हसलास. तुझे पुढचे दोन दात पडलेले होते, म्हणून तू हसताना तोंडावर हात ठेवायचास. त्या दिवशी ठेवला नाहीस.

माझं तुला माहीत आहे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. क्वार्टरात मी, एक स्टो आणि एक खाट. रविवारी तू यायचास, गावाकडचा तांदूळ आणायचास, आणि माझ्या हातचं जेवून त्याला नावं ठेवायचास. "बाबू, भात शिजवून राह्यला का चुना भिजवून राह्यला?" मला वाटायचं, याला दुसरं कुणी मित्र नाहीत म्हणून हा येतो. आता कळतं की खाणीत तुला ओळखत नाही असा माणूस नव्हता. मित्र नव्हते ते मला.

मग गेल्या दिवाळीनंतरच्या नागपूरच्या दोन मॅचेस. नियम बदलले होते. चेंडू हातात आला की तीस सेकंदांत टोपलीकडे मारलाच पाहिजे, असं निघालं होतं. तुझा सगळा खेळ संथ. चेंडू फिरवत ठेवायचा, समोरच्याला दमवायचं, फट दिसली की आत घुसायचं. पंचांची शिट्टी वाजत राहिली आणि आपली पोरं भांबावून तुझ्याकडे बघत राहिली. दोन्ही मॅच आपण वाईट हरलो. परतीच्या गाडीत साहेब तुझ्याशी बोलला नाही. माझ्याशी बोलला. म्हणाला, पुढच्या वर्षी असंच झालं तर टीम बंद, आणि पोरं जमिनीखाली कामाला.

नवा शिक्षक निवडायला त्याने तिघांची कमिटी केली. तो स्वतः, खाणीचे डॉक्टर, आणि टीमचा सेक्रेटरी म्हणून मी. नावं दोन होती. एक तुझं. दुसरं नागपूरच्या सबनीसांचं. ते व्यायामाचं रीतसर शिक्षण घेतलेले. त्यांनी नवे नियम टाईप करून अर्जाला जोडले होते.

कमिटीच्या आदल्या दुपारी तू जेवायच्या सुट्टीत माझ्याकडे आलास. मला वाटलं, शब्द टाकायला आलास. तू पिशवीतून मोहाच्या फुलांच्या भाकरी काढल्यास, एक मला दिलीस, आणि सायडिंगवरच्या डब्यांबद्दल बोलत बसलास. शेवटी मीच म्हणालो, "दौलत, उद्याचं काय?"

"उद्याचं काय?" तू म्हणालास. "तुले जे बरोबर वाटते ते कर. माह्याकडे पाहून करू नोको."

एवढंच बोललास. हात धुतलेस आणि गेलास.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, दौलत. साहेब म्हणाला, सबनीस. मग दोघं माझ्याकडे बघायला लागले. मी पोरांचा विचार केला, ही खरी गोष्ट आहे. त्या आठांतल्या एकालाही खाणीत खाली उतरावं लागू नये, एवढाच विचार होता. तीस सेकंदांचा खेळ तुला येत नव्हता, आणि तुला तो शिकवायला इथे कुणी नव्हतं. मी सबनीसांचं नाव घेतलं. तिसरं मत माझं होतं, दौलत.

बाहेर तू पायरीवर बसला होतास. माझा चेहरा पाहून तुला कळलं असणार. तरी विचारलंस, "काय झालं गा?"

मी म्हणालो, "साहेबाचं आधीच ठरलं होतं. आम्हाला कोण विचारतं?"

तू मान हलवलीस. म्हणालास, "हो, तेही खरंच हाय." मग उठून तू पोरांना सांगायला गेलास. त्यांना नीट बसवून सांगितलंस की नवे मास्तर येणार, त्यांचं ऐका, ते माझ्यापेक्षा जास्त शिकलेले आहेत. मी दुरून ऐकत होतो. मत दिल्याचं मला तेव्हा वाईट वाटलं नाही. खोटं बोलल्याचं वाटलं, आणि ते रोज थोडं थोडं वाढत गेलं.

सबनीस चांगला माणूस निघाला. हे तुझ्यासमोर मी कधी मोकळेपणाने म्हटलं नाही, कारण मी म्हटलं असतं तर त्यात माझीच बाजू घेतल्यासारखं झालं असतं. पण तू म्हणायचास. तुला बत्तीघरात दिवे वाटायचं काम दिलं होतं. पाळी संपली की तू मैदानाच्या कडेला उकिडवा बसायचास. एकदा म्हणालास, "पाय कसे ठेवाचे ते हा बरोबर सांगते बे. मले हे कोनी सांगतलंच नव्हतं." फाल्गुनात आपण नागपूरला जिंकलो. साहेबाने पेढे वाटले. तू बत्तीघराच्या खिडकीतून हात बाहेर काढून पेढा घेतलास आणि तोंडात टाकलास. त्या दिवशी तुला खरं सांगता आलं असतं. तू खुशीत होतास. मी म्हटलं, कशाला खुशीवर विरजण घाला. नंतर सांगू.

मग मोह फुलला.

आपल्या आठांतला लालसू दरवर्षी मोहाला गावी जायचा, हे तुला माहीत होतं, मलाही होतं. एटापल्लीच्या पलीकडचं त्याचं गाव. फुलं पडायला लागली की घरातलं लेकरूही झाडाखाली असतं, कारण तीच त्यांची वर्षाची बेगमी. तुझ्या वेळी तो पंधरा दिवस जायचा आणि सोळाव्या दिवशी मैदानावर उभा असायचा. तू त्याला काही विचारायचा नाहीस. पण सबनीसांचा नियम होता, न सांगता तीन दिवस गैरहजर तर यादीतून नाव कमी. "तो सगळ्यांत उंच उडी मारतो म्हणून त्याला वेगळा नियम लावला, तर बाकीच्या सातांना मी काय सांगू?" त्यांनी मला विचारलं. नाव कमी करण्याचा कागद माझ्या हातचा होता. मी तो लिहायला घेतला.

तू खिडकीशी आलास तो हात काजळीने काळे असतानाच.

"लालसूचं नाव काटून राह्यला का?"

"नियम आहे दौलत."

"तो न सांगता नाई गेला. मले सांगून गेला."

"तू आता शिक्षक नाहीस."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं. तू काळे हात सदऱ्याला पुसलेस. मग म्हणालास, "नाई हाव. मले मालूम हाय. पन तू तर जुनाच हाईस ना? तुले तर मालूम हाय, तो येते म्हणून." आणि मग ते म्हणालास. खेळ शिकवणारा पाहिजे की पोरं ओळखणारा, ते एकदा ठरव.

मी खाली बघूनच म्हणालो, "सोमवारपर्यंत कागद ठेवतो. सोमवारी तो मैदानावर नसला तर मी काही करू शकत नाही."

"सोमवार," तू म्हणालास.

बुधवारची ही गोष्ट. गुरुवारी मी जेवून परत आलो, तर टेबलावर तुझा रजेचा अर्ज. मी नसताना ठेवून गेला होतास. कारण लिहिलं होतं, घरचे काम. मला राग आला. माझ्याशी न बोलता गावी गेला, असं वाटलं. रविवारी मी एकट्यापुरता भात टाकला आणि ठरवलं की यावेळी आपण आधी बोलायचं नाही.

सोमवारी दुपारी खिडकीसमोर लालसू उभा राहिला. अंगावर तुझा सदरा होता.

"बाबू," तो म्हणाला, "आज सोमवारच हाय ना?"

मी हो म्हणालो.

"मंग नाव ठेव. दादानं सांगतलं, सोमवारी पोचाचंच हाय." आणि मग तो खाली बसला.

त्याने सांगितलं ते मी जसं ऐकलं तसं सांगतो, कारण तुझं शेवटचं जे काही माझ्याजवळ आहे ते एवढंच. आलापल्लीपर्यंत तू मोटारीने गेलास आणि पुढे पायी. शुक्रवारी दिवस मावळता मावळता त्याच्या गावात पोचलास. त्याच्या आईने आंबील दिली, ती प्यायलास. त्याच्या बापाला म्हणालास, पोराला चार दिवसांसाठी दे, नाव राहिलं की परत पाठवतो. शनिवारी पहाटेच निघालात. ऊन चढल्यावर लालसू म्हणाला, दादा, झाडाखाली थांबू, दिवस कलला की चालू. तू म्हणालास, मोटार चुकली तर सोमवार चुकते. दोन वेळा त्याने म्हटलं. दोन्ही वेळा तू हेच म्हणालास.

दुपारी तुझं डोकं दुखायला लागलं. मग घाम यायचा थांबला. मग तू असंबद्ध बोलायला लागलास. लालसूने तुला सावलीत निजवलं, आपलं धोतर ओढ्यात भिजवून अंगावर टाकलं, जवळच्या पाड्यावरून बैलबंडी आणली. रस्त्यावर लाकडं नेणारी मोटार मिळाली. ड्रायव्हरने लाकडांवर जागा केली नाही, तुला आपल्या शेजारी निजवलं. चामोर्शीच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तू जिवंत होतास. डॉक्टरांनी करता येईल ते सगळं केलं, असं लालसू म्हणतो. दिवे लागायच्या वेळी तू गेलास.

त्या उन्हात देह ठेवता येण्यासारखा नव्हता, आणि सिंदेवाहीकडे तुझ्या गावी निरोप पोचवायला साधन नव्हतं. रविवारी सकाळी तिथल्या चार लोकांनी तुला मार्कंड्याला नेलं, वैनगंगेवर. त्यांनी लालसूला विचारलं, तू याचा कोण? तो म्हणाला, लहान भाऊ. मग अग्नी त्यानेच दिला.

"तो काही बोलला का?" मी विचारलं. "शुद्धीवर असताना. माझ्याबद्दल काही?"

लालसूने आठवून पाहिलं. तो खोटं बोलत नाही, तुला माहीत आहे. "तुयाबद्दल नाई बाबू," तो म्हणाला. "धानाचं बोलला. सबनीस मास्तर पाय बराबर शिकवते म्हणला. त्याइचं ऐक म्हणला. आनं पानी मागतलं."

तो कागद मी फाडायच्या आधी सबनीसांनी फाडला. त्यांनी यादीत लालसूचं नाव आपल्या हाताने लिहिलं. मग मैदानावर जाऊन पोरांना घरी पाठवलं आणि बराच वेळ एकटेच उभे राहिले. मी त्यांच्याजवळ गेलो नाही.

तेरवीला मी चांदा फोर्टहून छोट्या गाडीने सिंदेवाहीला आलो आणि तिथून बंडीने तुझ्या गावी. तुझं घर मी पहिल्यांदा पाहिलं. इतकी वर्षं तू माझ्याकडे येत राहिलास, आणि मी एकदाही आलो नव्हतो. जेवणावळ उठल्यावर यमुनाबाई, तुझ्या पत्नी, ओसरीवर धान पाखडत बसल्या होत्या. तेरवीच्या दिवशी काम करू नका म्हणून बायका त्यांना सांगत होत्या. त्यांनी सूप सोडलं नाही. मी समोर बसलो आणि सगळं सांगितलं. तिघांची कमिटी, डॉक्टरांचं मत, साहेबाचं, आणि माझं. पायरीवर तुला काय सांगितलं ते. सोमवार मी ठरवला होता, तेही.

त्यांचं सूप थांबलं. त्या माझ्याकडे रागाने बघत नव्हत्या. थकून बघत होत्या.

"भाऊजी, हे मले काऊन सांगून राह्यले?" त्या म्हणाल्या. "त्यायले सांगाचं होतं ना."

"त्याला माहीत होतं का?" मी विचारलं. "डॉक्टर कधी बोलले असतील तर? घरी काही म्हणाला का?"

"घरी खाणीचं बोलणंच नसे. आले की धानाच्या बांदीत जायचे." त्यांनी धान परत सुपात ओढलं. "तुमचं नाव निघे. बाबू एकटा हाय, म्हणत. तांदूळ बांधून दे, म्हणत. एवढंच मले मालूम हाय."

निघताना त्यांनी मला तांदूळ बांधून दिला. मी नको म्हणालो. त्यांनी ऐकलं नाही.

काल संध्याकाळी सराव सुरू व्हायच्या आधी मी मैदानावर गेलो. सबनीस होते, आठही जण होते. मी त्यांना खरं सांगितलं. दौलतला साहेबाने काढलं नाही, माझ्या मताने काढलं, आणि मी ते त्याला सांगितलं नाही. मला वाटलं होतं, कुणीतरी चिडेल. निदान कुणीतरी तोंड फिरवेल. पोरं जमिनीकडे बघत राहिली. सबनीस चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात घेत होते.

लालसूने विचारलं, "मंग बाबू, तू चुकला का?"

त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी विचार करून सांगितलं, "मत चुकलं नाही. पण तुझ्याबद्दल तो बोलला ते बरोबर होतं. मी ऐकायला पाहिजे होतं."

"मंग दोघंबी बराबर," तो म्हणाला, जरा गोंधळून, आणि सबनीसांकडे बघायला लागला. त्यांनी शिट्टी वाजवली. पोरं पळायला लागली. घड्याळ माझ्या हातात होतं, म्हणून मी सेकंद मोजायला बसलो.

पोरांना सांगून झालं, यमुनाबाईंना सांगून झालं, आता उद्या साहेबालाही सांगेन. त्याने काही होत नाही. पुन्हा ती कमिटी बसली, तर मी आजही सबनीसांचंच नाव घेईन, दौलत. पण बाहेर येऊन तुझ्या शेजारी पायरीवर बसेन आणि सांगेन, मी तुझ्या विरुद्ध मत दिलं, अशासाठी दिलं. मग तू जे म्हणशील ते ऐकेन. शिव्या देशील, उठून जाशील, किंवा नुसता हसशील. यांतलं तू काय केलं असतंस, हे मला दहा वर्षांच्या मैत्रीनंतर सांगता यायला हवं होतं. रोज सकाळी खिडकी उघडतो आणि विचार करतो. मला सांगता येत नाही.